रत्नमालेचा हुकूम

"ओढू नका! कुणी ओढायचं नाय!"

रत्नमाला घसा फोडून ओरडली, पण त्या गलक्यात तिचं कुणी ऐकलं नाही.

बजाजनगरच्या चौकातलं कडुलिंबाचं जुनं झाड दुपारच्या वादळात मुळासकट उपटून पंक्चरच्या टपरीवर आडवं पडलं होतं. चेपलेल्या पत्र्यांखाली टपरीवाला फकिरा होता. कमरेच्या वर मोकळा, पण उजवा पाय खोडाखाली. वायरमननं लाइन बंद केली होती. क्रेन निघाली होती. मात्र वाटेतही झाडं पडलेली, ती कधी पोचेल कुणालाच सांगता येत नव्हतं.

वसाहतीचं आपत्कालीन पथक आलं होतं. शिवराज त्याचा प्रमुख. रत्नमाला पथक सुरू झालं तेव्हापासून त्यात होती. एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती पोळ्या लाटायची, आणि कुठं काही पडलं-झडलं की पथकाचं जाकीट चढवून धावायची. दोन वर्षांपूर्वी असंच एक झाड उचलताना एकानं न सांगता हात सोडला, सगळा भार तिच्या अंगावर आला आणि कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी केली. तेव्हापासून ती नुसता हुकूम द्यायची: कोण कुठं उभं राहील, कधी उचलायचं, कधी टेकवायचं. ते पथकात सगळ्यांनाच रुचत होतं असं नाही.

"मावशी, बाजूला व्हा," शिवराज म्हणाला. "माणूस जायला लागला. एवढी लोकं हायेत, एका झटक्यात निघंल."

"झटक्यात निघंल आन् झटक्यात परत बसंल. खोड ह्या फांदीवर तोललंय. तिकडून ओढलं तर त्याच्या छातीवर फिरंल. आधी खोडाखाली लाकडी ठोकळे लाव."

"ज्याला उचलायला जमत नाय, त्यानं हुकूम सोडू नये."

तो हळूच म्हणाला, तरी शेजारच्यांनी ऐकलं. एकजण हसला. रत्नमालेच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तोवर लोकांनी दोर बांधलाच होता. "खींचो रे!" कुणीतरी ओरडलं. खोड करकरलं, जरासं हललं, आणि आतून फकिराची किंकाळी आली.

रत्नमालेनं पदर खोचला, वाकलेला पत्रा वर केला आणि पोटावर सरपटत आत शिरली. फकिराच्या खांद्याला खांदा लावून पडून राहिली. भाराखाली कुणी जायचं नाही, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. आत जाताना ते तिला आठवलंही.

"आता ओढा!" पत्र्याखालून आवाज आला. "शिवराज, ओढ की! दोघं हावोत खाली."

दोर ढिला पडला.

शिवराज गुडघ्यावर बसून आत डोकावला. "येड लागलं का मावशी? बाहेर या."

"नाय येत. दोर सोडायला लाव. ठोकळे आण, विटा आण. पथकातली माणसं तेवढी जवळ राहू दे."

त्यानं मान डोलावली आणि पथकाची माणसं खोडाला लावली. रत्नमाला आतून हुकूम देऊ लागली.

"गुडघ्यात वाका, पाठ सरळ. खोड अंगाजवळ धरा. मी म्हणल्याशिवाय कुणी सोडायचं नाय. हां, उचला!"

खोड चार बोटं वर आलं. ठोकळा आत सरकला.

"टेकवा. दम खा."

"ताई," फकिरा कुजबुजला, "पाय हाय का माझा?"

तिनं मान वळवून पाहिलं. "हाय," ती म्हणाली. तिनं आपला हात त्याच्या हातात दिला. "दाब लागंल तेवढा. मोडला तरी चालंल."

पुन्हा उचललं, पुन्हा ठोकळा. मग विटा. थोडंथोडं करत शेवटी पाय मोकळा झाला. स्ट्रेचरवरून फकिराला आधी बाहेर काढलं. रत्नमाला मागून एकटीच सरपटत आली. शिवराजनं हात पुढं केला होता. तिनं तो धरला नाही.

फकिरा वाचला. पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला.

पथकाच्या बैठकीत शिवराज उभा राहिला. "नियम मावशींनीच मोडला. खोड घसरलं असतं तर दोन मुडदे उचलले असते आपण."

"व्हय, मोडला," रत्नमाला म्हणाली. "तू ऐकलं असतं तर मोडावा लागला नसता."

"सगळ्यांपुढं माफी मागा. नायतर पथकात जागा नाय."

"फकिराची मागीन, पाय वाचवता आला नाय म्हणून. तुझी कायला मागू?"

कुणीच मधे पडलं नाही. तिनं जाकीट काढलं, घडी घालून खुर्चीवर ठेवलं आणि निघाली. घरी पोचेपर्यंत तिनं रडू आवरलं. दार लावल्यावर आवरलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ती कँटीनमधल्या बायकांना पथकाचं काम शिकवायला वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेली. तिथं कधीचा एक ओंडका पडून होता. पलीकडं मैदानात पथकाचा सराव चालला होता. तिनं तिकडं पाठ केली.

"आपल्याच्यानं होईल व्हय हे?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"कँटीनात आट्याची पोती कोण उचलतं?"

तिच्या शेजारची राजनंदिनी फिस्सकन हसली. पहिल्या खेपेला ओंडका जागचा हलला नाही. दुसऱ्या खेपेला एक टोक उठलं, दुसरं तसंच. रत्नमालेनं सगळ्यांना उभं केलं, जागा बदलून दिल्या, आणि पुन्हा वाकायला लावलं.

ओंडका वीतभर वर आला. खाली दबून पिवळं पडलेलं गवत दिसलं, त्यावर ऊन पडलं. मनकर्णाबाईच्या मनगटाच्या शिरा टरारल्या होत्या. तिनं रत्नमालेकडं पाहिलं. रत्नमालेनं अजून 'टेकवा' म्हटलं नव्हतं. बायका ओंडका धरून उभ्या होत्या.