बारावी ओळ

“सही करा आणि मोकळे व्हा,” साहेब म्हणाले. मी सही केली आणि मोकळा झालो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला शूरवीर समजायला नको. कागद मग बाईंकडे गेला. बाईंनी चष्मा लावला, कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचला आणि पेन न उघडताच पर्समध्ये ठेवून दिलं.

“यात सहाशे अकरा माणसं कमी आहेत,” त्या म्हणाल्या.

साहेब आमच्या विभागाचे प्रमुख. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, पण खुर्चीचं वय वेगळं असतं.

“माणसं नाहीत हो बाई, फोन,” ते म्हणाले.

“फोन आपले आपण येत नाहीत.”

आमचा विभाग म्हणजे एका खासगी टीव्ही चॅनेलच्या इमारतीत जिन्याच्या पोटात बसवलेली खोली. दारावर ‘प्रेक्षक प्रतिसाद कक्ष’ अशी पितळी पाटी, आत दोन टेबलं, दोन फोन आणि आम्ही दोघं. कुणी जिना उतरलं की आमच्या डोक्यावरून चालत गेल्यासारखं वाटायचं, आणि तसं ते जातच होते. बाई तिथे तेवीस वर्षं होत्या, मी अकरा. मी त्यांना मास्तरीण म्हणायचो. त्यांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलेलं नाही, पण माझं अक्षर पाहून त्या जसा सुस्कारा सोडायच्या, तसा फक्त मास्तरीणच सोडू शकते.

दर वर्षी नवीन हंगामाची कार्यक्रम-यादी जाहीर झाली की पडद्याच्या तळाशी एक पट्टी धावायची: तुमचं मत कळवा, आणि पुढे आमचा नंबर. दहा दिवस फोन घ्यायचे. छापील फॉर्मवर नव्या कार्यक्रमांची नावं ओळीने असायची आणि प्रत्येक नावापुढे दोन चौकोन, ‘बघणार’ आणि ‘नाही बघणार’. सगळ्यात खाली एक चौकोन ‘इतर’. फॉर्मच्या पाठीमागे बोलणाऱ्याचे शब्द लिहायचे. ही पाठ कुणी उलटून बघत नसे. शेवटी बेरजेच्या कागदावर फोन घेणाऱ्या दोघांच्याही सह्या लागत आणि अकराव्या दिवशी तो कागद जाहिरातदारांसमोर वाचला जाई. सोबतचं निवेदन तर आधीच छापून तयार असे. यंदाही पहिला फोन यायच्या दोन दिवस अगोदर मी ते वाचलं होतं: ‘प्रेक्षकांकडून नव्या कार्यक्रमांचं उत्स्फूर्त स्वागत.’ उत्स्फूर्त म्हणजे किती उत्स्फूर्त, ते बघा.

यंदा अकरा नवे कार्यक्रम होते. फोनही चांगले आले. गाण्याच्या स्पर्धेबद्दल एका गृहस्थांनी विचारलं, “परीक्षक गाणं सुरू व्हायच्या आधीच का रडतात? त्यांना आधी ऐकवलेलं असतं का?” दोन जावांच्या मालिकेबद्दल एक बाई म्हणाल्या, “संपणार कधी ते आत्ताच सांगा. पंधरा वर्षं चालणार असेल तर मी सुरूच करत नाही. मला गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय.” चुकीचं उत्तर दिलं की माणूस हौदात पडतो अशी एक प्रश्नमंजूषा होती, तिच्यावर पोरंटोरं खूश होती. हे सगळं आपापल्या चौकोनात नीट बसत होतं.

तिसऱ्या दिवसापासून मात्र वेगळेच फोन सुरू झाले. आवाज बहुतेक म्हातारे, आणि प्रश्न एकच. “यादीत सुतारकाका दिसले नाहीत. छापायचे राहिले का?”

सुतारकाकांचा ‘चला, जोडू या’ हा कार्यक्रम रोज दुपारी साडेतीनला लागायचा. एक थोराड गृहस्थ घरातली मोडकी वस्तू घ्यायचे आणि अर्ध्या तासात दुरुस्त करून दाखवायचे. छत्री, स्टूल, खिडकीची कडी, कपाटाचा खण. मागे संगीत नाही, पाहुणे नाहीत. स्क्रू खाली पडला तर तो सापडेपर्यंत कॅमेराही शोधत बसायचा. चौदा वर्षं चाललेला हा कार्यक्रम यंदा काढून टाकला होता आणि त्या जागी हौदात पडणाऱ्या माणसांचं पुनःप्रक्षेपण ठेवलं होतं.

बंद झालेल्या कार्यक्रमाला फॉर्मवर ओळ नसते. तेव्हा असे फोन ‘इतर’मध्ये जात, आणि ‘इतर’ बेरजेत धरत नाहीत. हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही, पण ज्याने केला तो हुशार होता. बंद केलेल्या कार्यक्रमाबद्दल आजवर एकाही प्रेक्षकाने तक्रार केल्याची नोंद आमच्याकडे नव्हती.

चौथ्या दिवशी बाईंनी पट्टी घेतली आणि फॉर्मवर अकराव्या नावाखाली शिसपेन्सिलीने एक सरळ ओळ मारली. तिच्यावर लिहिलं: ‘चला, जोडू या’. शेजारी दोन चौकोन काढले. मग दुसरा फॉर्म घेतला, मग तिसरा.

“बाई, छापील फॉर्म आहे तो,” मी म्हणालो.

“मग हे घालू कुठे? ‘इतर’ शंभरात पाच असतं हो. शंभरात साठ असलं तर त्याला ‘इतर’ म्हणत नाहीत.”

“एवढा आवडतो तुम्हाला तो कार्यक्रम?”

“मला?” बाई हसल्या. “मुळीच नाही. एका स्टुलाला अर्धा तास! आमचे हे बघतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जाते. माझ्या आवडीचा संबंध काय? लोकांनी सांगितलं, मी लिहून घेते म्हणाले. आता तुम्हीही पूर्ण वाक्यं लिहा. ‘कार्यक्रम हवा’ असं दोन शब्दांत उरकू नका.”

उरलेले दिवस त्यांनी मला धारेवर धरलं. फोन ठेवला की फॉर्म मागून बघायच्या आणि म्हणायच्या, “ते एवढंच बोलले? मला तुम्ही चार मिनिटं ‘हो, हो’ म्हणताना ऐकू आलात.” मी निमूटपणे पुन्हा लिहायला बसायचो. दहाव्या दिवशी संध्याकाळी बेरीज झाली. एकूण फोन नऊशे चाळीस. त्यांतले सहाशे अकरा बारावी ओळ.

साहेबांनी ते फॉर्म बघितले आणि नवा कागद टाइप करून आणला. एकूण फोन तीनशे एकोणतीस. त्यातही ‘बघणार’ बरेच. मी सही केली त्या कागदाची ही कुळकथा.

“बाई, तुम्ही सही केलीत म्हणून किंवा नाही केलीत म्हणून कार्यक्रम परत येणार आहे का?” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

“नाही येणार. ठाऊक आहे मला.”

“मग अडून कशाला बसता? पुढच्या महिन्यापासून सगळं मोबाइलवर जातंय, हा कक्ष बंद. ह्यांची सोय मी वरच्या मजल्यावर केलीय.” म्हणजे माझी. “तुमचीही करतो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. सही नसेल तर माझे हात बांधलेले आहेत.”

“तुमचे हात बांधलेले, माझे मोकळे आहेत. ते मोकळेच राहू देत,” बाई म्हणाल्या. “तेवीस वर्षं मी या चौकोनात माणसं बुजवली, साहेब. थोडी थोडी होती म्हणून कळलं नाही. आता कळलंय, तर नाही करणार.”

साहेब दार आपटून गेले. मला बाईंचा राग आला. खरंच आला. आपण शेपूट घातल्यावर शेजारच्याने ताठ उभं राहावं, यासारखा दुसरा अपमान नाही.

अकराव्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये बैठक भरली. लांब टेबल, थंड हवा, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. जाहिरातदार समोर, आमचे मोठे साहेब मधल्या उंच खुर्चीत, आणि आम्ही दोघं रिवाजाप्रमाणे दाराजवळच्या खुर्च्यांवर. बाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. साहेबांनी कागद वाचला. उत्स्फूर्त स्वागत झालं. कागद टेबलावरून फिरत साबणाच्या कंपनीच्या मॅडमकडे आला. त्या दर वर्षी यायच्या.

“इथे दोन सह्या असतात ना? एकच दिसतेय.”

“तांत्रिक बाब आहे,” साहेब घाईने म्हणाले. “राहून गेली.”

बाई उभ्या राहिल्या. “राहून गेली नाही. मी केली नाही. फोन नऊशे चाळीस आले. त्यांतले सहाशे अकरा कागदावर नाहीत.” आणि त्यांनी पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढला.

“बाई, बसा,” मोठे साहेब म्हणाले.

“बसते. एवढं वाचलं की बसते.” त्यांनी पहिला फॉर्म उलटा केला. “क्रमांक दोनशे चार. महिला, एकट्या राहतात. म्हणाल्या, काका मोडलेली वस्तू फेकून देत नाहीत म्हणून बघते. क्रमांक दोनशे सहा. निवृत्त रेल्वे कर्मचारी. म्हणाले, दुपारी साडेतीनला आमच्याकडे दुसरं कुणी येत नाही.”

आधी सगळे ऐकत होते. साबणाच्या मॅडमनी पेनसुद्धा उघडलं. पण पंधरा-वीस फॉर्म झाले आणि खुर्च्या करकरायला लागल्या. कुणीतरी फोन बघितला, कुणी खोकलं. साहेबांना मार्ग सापडला. “जेवण तयार आहे,” त्यांनी जाहीर केलं, “शेजारच्या दालनात!” आणि बाईंना धक्कासुद्धा न लावता सगळा हॉल त्यांच्या बाजूने वाहत बाहेर गेला. साबणाच्या मॅडम दारात क्षणभर थांबल्या आणि मग त्याही गेल्या.

मीही गेलो. खोटं कशाला बोलू? प्लेट घेतली, रांगेत उभा राहिलो, वाढूनही घेतलं. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज येतच होता. शब्द कळत नव्हते, फक्त ती चाल कळत होती. क्रमांक, माणूस, वाक्य. क्रमांक, माणूस, वाक्य. तास-दीड तास मी ती प्लेट हातात धरून तिथेच उभा राहिलो. मी भरलेली प्लेट तशीच खिडकीत ठेवली आणि परत फिरलो.

हॉलमध्ये पॅन्ट्रीतले मामा कप गोळा करायला आले होते. “बाई, हॉल रिकामा करायचाय,” ते म्हणत होते.

“अजून दोनशे राहिलेत, मामा,” बाई म्हणाल्या. आवाज पार बसला होता.

मामांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे. हातातला ट्रे टेबलावर ठेवला. मी आत आल्यावर त्यांनी दार आतून लावून घेतलं आणि सावकाश जाऊन मोठ्या साहेबांच्या उंच खुर्चीत नीट टेकून बसले.

“वाचा,” ते म्हणाले. “मी ऐकतोय.”

बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या घशातून शब्द फुटेना. मी त्यांच्या हातातला फॉर्म घेतला. त्या खुर्चीत बसल्या. वाचायला उभ्या राहिल्यापासून पहिल्यांदाच बसल्या. मी फॉर्म उलटा केला, तर अक्षर माझंच होतं. माझ्या हाताने लिहिलेलं, आणि मला एक शब्द आठवत नव्हता.

“क्रमांक सातशे अठ्ठावीस,” मी वाचलं. “गृहस्थ, वय एक्क्याऐंशी. म्हणाले, बायकोच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. ती तीस वर्षं सांगत होती, नीट करा. काकांचं बघून बघून मागच्या महिन्यात मी तो बसवला. ती नाही आता. पण खुर्ची हलत नाही.”