उणे अडीचच्या खाचेवरचे बोट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी संख्यारेषा आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या बायका दुपारी दहावीचा अभ्यास करायला येतात, अशा धरमपेठेतल्या एका विद्यालयात मी राहते.

रामटेकच्या देवराव सुतारांनी मला सागाच्या फळीतून घडवले. मधोमध शून्य, उजवीकडे पाचपर्यंत धन संख्या, डावीकडे पाचपर्यंत ऋण. दर दोन अंकांमध्ये पाव, अर्धा आणि पाऊण अशा तीन खुणा. त्या त्यांनी रंगवल्या नाहीत, पटाशीने कोरल्या. "रंग उडते, खाच राह्यते," असे ते म्हणाले होते.

पंधरा वर्षे कितीतरी बोटे माझ्यावरून फिरली. मग वर्गात मोठा पडदा आला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथे मी चार वर्षे धूळ खाल्ली. फार वाईट वाटायचे, मित्रांनो!

मला बाहेर काढले ते प्रयागबाईंनी. वय शेहेचाळीस. बेशाहून बसने यायच्या, मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायच्या. दहावी झाल्या, तर तिथलेच कोठार त्यांच्या हाती येणार होते. पण दहावीच्या वर्गात बसण्याआधी गणिताची एक चाचणी द्यावी लागे. त्यात त्या दोनदा नापास झाल्या होत्या. तिसरी संधी शेवटची होती.

त्या दिवशी गणित होते, उणे अडीच अधिक पावणेदोन. प्रयागबाईंचे उत्तर आले पाव. गणित शिकवणाऱ्या नंदिनी मॅडमनी त्यावर फुली मारली. प्रयागबाईंची पेन्सिल कपाटामागे घरंगळली, आणि ती शोधताना मी त्यांच्या हाती लागले. त्यांनी मला पदराने पुसले.

"मॅडम, याच्यावर दाखवा ना. मी कुठी चुकून राह्यली?"

"आधी उणे अडीचवर बोट ठेवा."

प्रयागबाईंचे बोट शून्यापासून डावीकडे दोन घरे गेले आणि अर्धे घर उजवीकडे परतले. ते उणे दीडवर उभे होते.

"परत का आलात? उणे चिन्ह एकट्या दोनचं नाही, अर्ध्याचंही आहे."

प्रयागबाईंचे बोट डावीकडे सरकले आणि उणे अडीचच्या खाचेत बसले. तिथून पावणेदोन घरे उजवीकडे. बोट थांबले ते शून्याच्या अलीकडे, उणे पाऊणवर.

"अवं माय! मी अर्धा उलटाच चालत होती!" त्या ओरडल्या.

त्यानंतर महिनाभर त्यांनी मला सोडले नाही. वजाबाकी आली की त्या पुटपुटत, "वजा म्हणजे उलट फिरायचं." उणे सव्वामधून उणे अडीच वजा करताना त्या चार वेळा चुकल्या. पाचव्यांदा त्यांनी बोट उणे सव्वावर रोवले आणि डावीकडे जाण्याऐवजी उजवीकडे अडीच घरे चालल्या. बोट धन सव्वावर पोहोचले. तेच गणित त्यांनी आणखी वीस वेळा केले.

चाचणीच्या दिवशी मॅडमनी माझे तोंड भिंतीकडे केले. मला काहीच दिसेना. फक्त ऐकू येत होते, बाकावर सावकाश घासत जाणारे एक बोट. मध्येच ते थांबले. माझ्या सगळ्या खाचा जणू ताणल्या गेल्या. मग बोट उलट फिरले आणि ठामपणे पुढे गेले.

चाळीसपैकी एकतीस! नंदिनी मॅडमनी गुण सांगितले, तेव्हा प्रयागबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "आता दहावीची पुस्तकं द्या," एवढेच म्हणाल्या.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवून पाहा. आणि गणित चुकले म्हणून स्वतःला कधीच टाकून देऊ नका. परवाच मोनाली नावाची नवी बाई अपूर्णांकांपुढे रडकुंडीला आली होती. प्रयागबाईंनी स्वतःचे पुस्तक मिटले, तिचा हात धरला आणि माझ्यावर ठेवला.

"रडू नको वं. आंधी पाह्य, तू उभी कुठी हायेस."