चुलीपासची सनई

"चूल पेटवून राहिली का जंगल पेटवून राहिली व? साऱ्या भातावर राख!"

नंदाबाई पुटपुटली ती आपल्याशीच. पण भिंत कुडाची, आणि पलीकडे तिचा नवरा बकाराम सनईच्या तोंडाची पत्ती तासत बसलेला. त्याला ऐकू आलं. मात्र त्याचे कान बायकोकडे नव्हते. त्या दिवाळीनंतर घरात आलेली सून, रुख्मा, ओल्या लाकडांशी फुंकणीनं झुंजत होती, आणि तिची फुंकर काही केल्या संपत नव्हती.

गालात हवा साठवायची आणि ती सोडता सोडता नाकानं श्वास आत घ्यायचा. एवढं शिकायला बकारामनं भर तरुणपणी दोन पावसाळे घालवले होते. ही पोरगी तेच भात शिजवताना करत होती.

तिरोड्यापासून बोदलकशापर्यंत बकारामच्या सनईशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नसे. पण पोळ्याच्या सुमारास त्याचे समोरचे दात गेले. ओठांना आधार राहिला नाही, सूर शिटीसारखा निसटायला लागला. घरात हे कोणी बोललं नाही. नंदाबाई म्हणे, पत्ती खराब निघाली. डफडं वाजवणारा मुलगा सुखराम म्हणे, हवा दमट आहे. बकाराम नव्या नव्या पत्त्या तासत राही. दोष बिचाऱ्या पत्त्यांचा! सुखरामच्या हाती सनई द्यावी, तर त्यानं फुंकली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राही.

आणि माघात फुलचूरच्या टेकचंदच्या मुलीचं लग्न होतं. टेकचंदनं गोड बोलून सांगितलं होतं, "बकारामजी, नहीं जमा तो बता देना, गोंदियाचा बँड आणतो." एकदा टेकचंदच्या मांडवात बँड वाजला की पुढं सगळ्यांनाच बँड हवा होणार, हे न कळायला बकाराम दुधखुळा नव्हता.

त्या दुपारी त्यानं घसा खाकरून बायकोला म्हटलं, "भाऊ गेला नागपूरच्या गिरणीत. त्याच्यावाणी मागं सूर धराले आता कोणी नाही. सुनेले शिकवतो म्हणा."

निरोप बायकोकरवी, कारण सासऱ्यानं सुनेशी सरळ बोलायचं नाही आणि सुनेनं त्याच्यासमोर पदर वर करायचा नाही, अशी घरची रीत. पदरात सनई धरली तर पत्तीच्या आधी पदरच तोंडात जाई. शेवटी रुख्मा चुलीजवळ भिंतीकडं तोंड करून बसली, बकाराम ओसरीत, आणि मधे नंदाबाई निरोप पोचवायला. रुख्माचे सगळे पाठ असे पाठ करूनच झाले.

"तिले म्हणा, सा धर."

"कोणाले धर?" नंदाबाई चमकली. "सासूले का सासऱ्याले?"

भिंतीकडं तोंड केलेली पाठ हसून गदगदली आणि सनईतून पहिला आवाज निघाला तो असा, की म्हैस पुन्हा उभी राहिली.

"नवरा-बायको सारखेच," नंदाबाई म्हणाली. "मले वाटलं, सुखरामच घरी आला."

पण तिसऱ्या दिवशी सूर लागला. सरळ, लांब, तळ्यावरच्या वाऱ्यासारखा. नंदाबाईच्या हातातली पळी वरणातच राहिली.

नुसता सूर धरायच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात. रुख्मा रोज सकाळी कोनाड्यातून सनई काढी, तर कधी एका भोकाचं मेण गेलेलं असे, कधी आणखी एकाचं. बकारामच्या नखात मेण दिसे. तो ओसरीत बसून लग्नातल्या चाली तोंडानं गुणगुणे, जणू सहजच, आणि चुलीजवळून त्या चाली सनईतून परत येत. भात मात्र रोज करपे.

"आता राख नाही, आता कोळसा," नंदाबाई म्हणे आणि करपलेला भाग मुकाट्यानं स्वतःच्या ताटात घेई.

फुलचूरला मांडव भरला. सुखराम डफडं घेऊन, त्याच्याशेजारी बकाराम फेटा बांधून, आणि त्याच्यामागं खांबाला लागून रुख्मा, पाठमोरी, पदर ओठांपुरता वर करून. सूर धराले आणली, असं नंदाबाईनं मांडवभर सांगितलं होतं.

शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या. बकारामनं सनई ओठाला लावली. फुस्स. सुखराम मांडवाच्या छताकडं बघायला लागला. बकारामनं पुन्हा सनई ओठाला लावली, पण फुंकली नाही. मागं रुख्मा त्याच्या चालीची वाट पाहत सूर धरून होती. चाल येईना. मग तिचा सूर हलला, वर चढला, वळला, आणि मांडवात सनई अशी वाजली, की वरमाय पंगत विसरली. बकाराम रिकाम्या सनईवर बोटं नाचवत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि बोटं मात्र खट्याळ झाली होती.

टेकचंद शेला घेऊन धावत आला. "वाह बकारामजी! आज तो कमाल कर दी! बँड कायले लागते आता?"

"पत्ती चांगली निघाली जी," नंदाबाई घाईनं म्हणाली.

"हवाही कोरडी आहे," सुखराम म्हणाला.

बकारामनं शेला हातात घेतला आणि तो मोठ्यानं हसला. इतका, की बोळकं साऱ्या मांडवाला दिसलं.

"पत्ती नाही गा, हवाही नाही. माहे दात गेले, माहं वाजवणं गेलं. मी नुसती बोटं नाचवून राहिलो होतो. वाजवून राहिली ते माही सून." आणि मग तो खांबाकडं वळला. "रुख्मे, फिर इकडं. गुरूकडं पाठ करून बसते काय?"