आणखी पाव फेरा

त्या कॉम्प्युटरला मी शिव्या घालायला लागलो तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. मी नळाला शिव्या घालतो, दाराच्या कडीला घालतो, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या माणसाला तर रोज घालतो. बायको होती तोवर ती मला गप्प बसवायची. ती जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे आता रान मोकळं. पण या वेळचा राग निराळा होता. माझ्या डोळ्यांदेखत एक शहाणी मुलगी रोज थोडी थोडी खचत होती, आणि सगळे मिळून तिलाच धारेवर धरत होते.

मुलगी म्हणजे माझी सून. तिला एका मोठ्या हॉस्पिटलचं काम घरबसल्या मिळालं होतं. डॉक्टर पेशंट तपासून आपलं म्हणणं रेकॉर्ड करून ठेवायचे. हिनं हेडफोन लावून ते ऐकायचं, टाइप करायचं आणि दुपारी चारच्या आत पाठवायचं. पहिले तीन महिने पारखून बघणार, मग कायम करणार. अट एकच, काम वेळेवर. तीनदा उशीर झाला की घरी बसा. आणि अडीच महिन्यांत दोनदा उशीर होऊन गेला होता.

व्हायचं असं, की सकाळी मशीन गुणी बाळासारखं चालायचं. अकरा-साडेअकराच्या सुमारास ते चांगलं तापलं की अचानक पडदा निळा व्हायचा, त्यावर चार ओळी उमटायच्या आणि मशीन आपलं आपण बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. कधी दिवसातून एकदा, कधी पाचदा. ती दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची, पण हॉस्पिटलचा तो प्रोग्रॅम इतका नाजूक, की मध्येच तुटलेली फाइल पुन्हा उघडायचीच नाही. मग सगळं पहिल्यापासून. तोच डॉक्टर, तोच खोकला, तीच किडनी.

तिनं एक वही केली होती. तारीख, वेळ, तेव्हा काय काय उघडं होतं, पडद्यावर कोणता आकडा आला. आकडा दर वेळी वेगळा. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं फिटर होतो. इतकी नीट नोंद ठेवणारा एक माणूस मला तिथे भेटला नाही. आणि हिला घरात नाव काय, तर वेंधळी.

हे नाव ठेवणारा माझा चिरंजीव. तो दुकानात बाथरूमच्या फरशा विकतो, पण घरातला कॉम्प्युटरतज्ज्ञ तोच, कारण दुसरं कुणी पुढे आलं नाही.

"तू एका वेळी वीस खिडक्या उघडून बसतेस. ते बिचारं काय करणार?" तो म्हणाला.

"दोनच उघड्या होत्या. वहीत लिहिलंय," ती म्हणाली.

"मग काहीतरी भलतंच दाबलं असशील. नाचता येईना अंगण वाकडं."

आणि हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला स्वतःच्या मोबाइलचा अलार्म बंद करता येत नाही, तो बायकोला म्हणी ऐकवतो! मी त्याला चार शब्द सुनावले. पण खरं सांगायचं तर मीही काही कमी नव्हतो. एकदा मीच तिला म्हणालो होतो, "जरा हात हलका ठेव, बाई. बटणं म्हणजे काही हातोडीनं ठोकायचे खिळे नव्हेत." ती "हो बाबा" म्हणाली आणि त्या दिवसापासून इतकी हळू टाइप करायला लागली, की दुसऱ्यांदा उशीर झाला तो त्यामुळेच, असं मला आता वाटतं.

एका रविवारी चिरंजीवांनी मशीन पूर्ण पुसून सगळं नव्यानं टाकलं. त्याच दिवशी वायर बदलली, प्लग दुसऱ्या भिंतीला लावला आणि व्हायरस पकडणारा नवा प्रोग्रॅमही आणला.

"अरे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी माणसानं!" मी ओरडलो. "चार बदलल्यास. उद्या बरं चाललं तर कशानं चाललं ते कळणार कसं?"

"बाबा, ही बस नाही."

"यंत्र ते यंत्र!"

सोमवारी अकरा चाळीसला पडदा निळा झाला. निदान तो प्रश्न तरी मिटला.

मग आम्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा गृहस्थ एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर लावून फिरतो. त्यानं मशीनचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कुणी आत हात लावला होता का? पंखा वगैरे काढला होता?"

मुलगा म्हणाला, "छे." सून म्हणाली, "मी तर झाकणसुद्धा काढलं नाही कधी." दोघंही खरंच बोलत होते. आणि मी म्हणालो, "कुणी नाही."

आता इथे मला सांगितलंच पाहिजे. सुनेला काम मिळालं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, दोघं दिवसभर बाहेर गेले असताना, मी ते मशीन उघडलं होतं. आतला पंखा घरघरत होता आणि ते मला ऐकवत नव्हतं. पंखा काढला, त्याच्याखालचा, मशीन थंड ठेवणारा धातूचा ठोकळा काढला, त्याच्या पात्यांत बसलेला धुळीचा नमदा दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढला, कॉम्प्युटरच्या दुकानातून ठोकळ्याखाली लावायची पांढरी पेस्ट आणून लावली आणि सगळं जसंच्या तसं बसवलं. संध्याकाळी मशीनचा आवाज येत नव्हता. दोघांच्या लक्षातही आलं नाही. मी मनातल्या मनात खूश झालो, सांगितलं मात्र नाही. कशाला सांगायचं? साफ केल्यानं काही बिघडतं का?

त्या चष्मेवाल्यानं विचारलं तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि तोंडातून निघालं "कुणी नाही." त्याच्या विचारण्याचा सूरच असा होता, की जणू घरातल्या कुणीतरी काशी केलीये हे त्यानं ठरवूनच टाकलंय. मला तो सूर सहन झाला नाही.

त्यानं तासभर खटपट केली. मेमरीच्या दोन पट्ट्या असतात. एक काढून दुसरी तपासली, दुसरी काढून पहिली. दोन्ही पट्ट्या धडधाकट. पण एका विशिष्ट खाचेत बसवली की कुठलीही पट्टी चुका करायची. आणि एकाच पट्टीवर हॉस्पिटलचा प्रोग्रॅम उघडेना, म्हणून दोन्ही पुन्हा होत्या तिथेच बसवल्या.

"बोर्ड गेलाय. नवंच मशीन घ्या," त्यानं निकाल दिला.

"दोन वर्षांत बोर्ड जातो? मातीचा आहे का?" मी विचारलं. त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दुसरा कपाळावर सारला, आणि निघून गेला. मी त्याच्या पाठीवर दार जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून वीस मिनिटांनी, शेवटच्या पेशंटचा रिपोर्ट चालू असताना पडदा निळा झाला. तिनं ती फाइल पहिल्यापासून पुन्हा लिहिली. पाठवली तेव्हा चार पंचवीस झाले होते.

सकाळी मेल आली. तिनं ती मला वाचून दाखवली, सरळ आवाजात, एखाद्या पेशंटचा रिपोर्ट वाचावा तशी. "वारंवार निष्काळजीपणा आणि मुदतीचा भंग या कारणास्तव आपली सेवा थांबवण्यात येत आहे. तशी नोंद करण्यात आली आहे."

"नोंद म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आता दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलनं या लोकांना विचारलं, तर हेच सांगतील." मग ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल, बाबा. मशीन काय, सगळ्यांचीच चालतात."

आणि भांडी घासायला गेली.

मला इतका संताप आला की मी खुर्चीला लाथ घातली. त्या हॉस्पिटलचा, चष्मेवाल्याचा, माझ्या मुलाचा आणि त्या निळ्या पडद्याचा मी मोठमोठ्यानं उद्धार केला. मग हत्यारांची पेटी काढली. म्हटलं, आज घोडं कुठे पेंड खातंय ते बघितल्याशिवाय उठायचं नाही.

प्लग काढला, झाकण काढलं, मशीन खिडकीपाशी उजेडात आडवं ठेवलं. चष्मेवाल्याची एक गोष्ट पटण्यासारखी होती: पट्ट्या चांगल्या, खाच वाईट. पण खाच म्हणजे नुसतं प्लास्टिक, ती आपण होऊन का बिघडेल? डेपोत असं काही झालं की आम्ही आधी बैठक बघायचो, भाग सपाट बसलाय की नाही. मी पेटीतली स्टीलची पट्टी काढली आणि बोर्डावर कडेनं उभी ठेवली.

पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड आला.

मी पट्टी फिरवून पाहिली. तिकडूनही तेच. मधल्या ठोकळ्याभोवती बोर्ड वाकला होता. फार नाही, दोन-तीन कागद सरकतील इतका. ठोकळ्याला चार स्क्रू. चारही मी बसवलेले. मी पेचकस लावला, आणि पहिला स्क्रू सोडवताना माझं मनगट दुखलं तेव्हा मला सगळं कळलं.

एकतीस वर्षं मी बसचे नट आवळले. ढिला नट म्हणजे रस्त्यावर माणसं मरणार, म्हणून हाताला बसेल तेवढा आवळायचा आणि वर आणखी पाव फेरा. प्रत्येक शिकाऊ पोराला मी हेच शिकवलं. तोच पाव फेरा मी या बोटभर स्क्रूंना दिला होता. चारही बाजूंनी. बोर्ड वाकला, ठोकळ्याखालच्या चिपला त्या खाचेशी जोडणाऱ्या केसासारख्या टाचण्यांपैकी एखादी नीट टेकेनाशी झाली, आणि गरम झालं की सुटायची. दोन महिने ते बिचारं मशीन माझ्या हाताखाली चिरडलं जात होतं. मी मात्र सगळ्या जगाला दोष देत फिरत होतो.

मी स्क्रू तिरक्या जोड्यांनी, थोडे थोडे करून ढिले केले, आणि मग फक्त टेकतील इतकेच आवळले. मशीन सुरू केलं. त्या खाचेतली पट्टी एकही चूक करेना. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. मी त्यावर एका वेळी आठ सिनेमे चालवले. चार वाजले तरी पडदा निळा झाला नाही.

पाच वाजता मुलगा आला. "बाबा, कमाल केलीत! त्या चष्मेवाल्याला जमलं नाही ते तुम्ही केलंत!" त्यानं उभ्या उभ्या दोन मित्रांना फोन करून सांगितलं. सूनही स्वयंपाकघरातून आली, चालू पडद्याकडे बघत म्हणाली, "बरं झालं, बाबा. दुसरं काम मिळालं तर उपयोगी पडेल." खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं मी ते कौतुक घेतलं. छान वाटलं. कुणाला कधीच कळलं नसतं.

"मीच बिघडवलं होतं," मी म्हणालो. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, चष्मेवाल्याला "कुणी नाही" म्हणालो तेही.

मुलगा हसायला लागला. "घ्या! हात दाखवून अवलक्षण! बाबा, तुम्ही म्हणजे ना..."

"हसू नकोस!"

हे ती ओरडली होती. लग्नाला सहा वर्षं झाली, या घरात तिचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"दोन महिने!" ती म्हणाली. "दोन महिने मी स्वतःला वेंधळी समजत होते. प्रत्येक बटण दाबताना मला भीती वाटायची. यानं म्हणी ऐकवल्या, तुम्ही म्हणालात हात हलका ठेव. मला म्हणालात! आणि तुम्हाला माहीत होतं, की तुम्ही ते उघडलंय. त्या माणसानं तोंडावर विचारलं, बाबा, मी इथेच उभी होते. तेव्हा बोलला असतात तर माझ्या हातात एक दिवस होता. एक पूर्ण दिवस!"

"अगं, त्यांना काय माहीत की त्यामुळेच..." मुलानं सुरुवात केली.

"बोलू दे तिला," मी म्हणालो.

ती बोलली. बरंच बोलली. मला उलट बोलण्याची सवय आहे, जीभ टाळ्याला लावायला मला कारण लागत नाही. पण तिचं एकूण एक वाक्य खरं होतं. शेवटी तिनं माझा फोन टेबलावरून उचलला, एक नंबर लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि माझ्यासमोर धरला.

"आमच्या सुपरवायझर बाई आहेत. सहापर्यंत असतात. मला जे सांगितलंत ते त्यांना सांगा."

मी सांगितलं. मी कोण, मी काय केलं, कधी केलं, आणि विचारल्यावर काय खोटं बोललो. मुलगा जमिनीकडे बघत होता. सुपरवायझर बाई शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. पण त्या जागेवर आज दुसरी व्यक्ती रुजू झाली आहे. मी आता काही करू शकत नाही."

मी सुनेकडे पाहिलं. तिचा हात हलला नाही, फोन तसाच माझ्यासमोर होता.

"जागेसाठी फोन केला नाही," मी म्हणालो. "तुमच्याकडे तिच्या नावापुढे निष्काळजीपणा लिहिलाय. तो तिचा नव्हता. तेवढं खोडा."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला.

"नोंद बदलायची तर कुणाच्या सांगण्यावरून ते लिहावं लागतं," त्या म्हणाल्या. "चूक कुणाची, म्हणून लिहू?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि त्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून परत एकदा मोठ्यानं सांगितलं.