जाड तारेचा वेग

आमच्या भट्टीत जाड तार तापून लाल होते, लगेच वितळलेल्या शिशाच्या हौदात बुडते आणि ओढायला तयार होऊन पलीकडून निघते. ही भट्टी माझ्या ताब्यात. पुढे तीच तार डायच्या भोकातून ओढून बारीक करायचं काम आमच्या ह्यांचं. म्हणजे मी शिजवायचं आणि ह्यांनी नावं ठेवायची, घरातल्यासारखंच.

काल ह्यांच्याकडे तार सारखी तुटत होती. कारण मला पक्कं ठाऊक होतं. आपलं मशीन रिकामं राहू नये म्हणून ह्यांनी घाई लावली आणि मीही नको नको म्हणत वेग वाढवला. जाड तार पळवली की वरून लाल दिसते, आत मात्र कच्ची राहते. मुकादमांनी मलाच फैलावर घेतलं. आज एकदा जरी तुटली तर भट्टी दुसऱ्याकडे आणि मी परत पॅकिंगला, असं तोंडावर सांगितलं. नवऱ्याची चुगली कशी करायची म्हणून मी गप्प बसले. हेही गप्पच बसले, ते मला जास्त झोंबलं.

आज सकाळी आल्या आल्या मी वेग उतरवला. थोड्या वेळाने हे आलेच. मशीन थांबलंय, सगळे टिंगल करताहेत, जरा हात उचल म्हणाले.

"अहो, भट्टी माझी आहे," मी म्हटलं. "तार शिजेल तेव्हाच मिळेल."

हे पाय आपटत गेले. शिशाला हवा लागू नये म्हणून हौदावर पसरलेला कोळशाचा थर मी सारखा केला आणि तार निवांत येऊ दिली. मला माझं काम येतं, त्यात लाजायचं काय?

दुपारी तार धुऊन ह्यांच्या मशीनवर चढली. मुकादम शेजारीच उभे राहिले. पहिल्या डायमधून गेली, पुढच्यांतून गेली, शेवटी रिळावर जाऊन बसली. अख्खं वेटोळं संपलं, तरी कुठे तुटली नाही.

मुकादम माझ्याकडे वळले. "जमतंय की बाई तुम्हाला. मग काल काय झोपा काढत होता?"

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी मशीन बंद केलं.

"काल वेग मी वाढवायला लावला," हे सगळ्यांदेखत म्हणाले. "ती नको म्हणत होती. तार माझ्यामुळे तुटली."

यापुढे भट्टीचा वेग बाईच ठरवतील, असं मुकादमांनी ह्यांना सुनावलं. ह्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. माझे डोळे भरून आले. तारेची मला खात्री होती, ह्यांची नव्हती.