कळप झोपलेला असताना

आमच्या किनाऱ्यावर वालरसांचा कळप चढला की गावाच्या तोंडाला कुलूप लागतं. कुत्री टेकडीपलीकडे नेऊन बांधायची, होड्यांची इंजिनं बंद ठेवायची, आणि बायकांनी भांडायचं तेही कुजबुजत. वालरसाला दिसतं कमी, पण आवाज आणि वास म्हणाल तर विचारू नका. एक गोळी वाजली की अख्खा कळप उठून पाण्याकडे धावतो, आणि वाटेत जे येईल त्याचा चिखल होतो. मागे एकदा एक विमान फार खालून गेलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी चपटी झालेली पिल्लं मोजत, त्यांची लांबी घेत फिरत होते. तसली मोजणी पुन्हा माझ्या नशिबी नको, एवढंच मी समुद्राकडे मागते.

हो, मोजते मीच. संशोधन संस्थेची माणसं उन्हाळ्यात येतात, कॅमेरे लावून देतात आणि थंडी पडायला लागली की धूम ठोकतात. मग कड्यावर बसून दुर्बिणीतून मोजायचं, कॅमेरे चालू ठेवायचे, आजारी किती, पिल्लं किती ते कळवायचं, हे सगळं माझ्या आणि माझ्या दिराच्या, काव्रीच्या, गळ्यात. माझा नवरा समुद्रानं नेला तेव्हा काव्री एवढासा होता. मीच त्याला वाढवला आणि मीच त्याचं लग्न लावून दिलं.

त्या सकाळी पाण्याकडचा कॅमेरा बंद पडला. तो कळपाच्या पलीकडे, लाटांना लागून, खडकांच्या रांगेआड. तिथं जायचं तर कड्याच्या टोकाशी उतरायचं आणि कळपाला वळसा घालत पोटावर सरपटत जायचं. अंगाला वालरसाची चरबी फासायची, म्हणजे त्यांना माणसाचा वास येत नाही. आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं.

"नीट चोळ ना वहिनी," काव्री म्हणाला. "मान राहिली बघ."

"मानेवर आधीच एवढा मळ आहे की वालरस काय, तुझी बायकोसुद्धा ओळखायची नाही तुला."

"तिला आवडतो माझा वास."

"जा मेल्या, निर्लज्ज कुठला!"

तो हसत उतरला. मी बंदूक मांडीवर घेऊन कड्यावर बसले. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. सरपटत सरपटत तो खडकांपर्यंत पोचला, बॅटरी बदलली, आणि परत फिरला.

खडकांपलीकडे एक पांढरं अस्वल मेलेलं पिल्लू खात बसलं होतं. ते ना काव्रीला दिसलं होतं, ना मला. अस्वलानं नाक वर केलं. वाऱ्यावर त्याला काय आलं असेल? चरबीचा वास. आणि समोर काय दिसलं? पोटावर सरपटणारं काहीतरी तपकिरी. आमची अस्वलं माणसाला बिचकतात. उभं राहून दोन शिव्या हासडल्या की बहुतेक वेळा निघून जातात. पण काव्रीला ना उभं राहता येत होतं, ना शिवी देता येत होती. अस्वलाच्या लेखी तो वालरसाचं पिल्लू होता.

अस्वलानं काव्रीची मांडी जबड्यात धरली आणि झटका दिला. पाय उलटा वळलेला मी कड्यावरून पाहिला.

मी बंदूक खांद्याला लावली. अस्वल अगदी टप्प्यात होतं, गोळी चुकली नसती. पण ती वाजल्यावर सगळा कळप काव्रीच्या अंगावरून पाण्यात गेला असता. इकडे आड, तिकडे विहीर. काव्रीनं वर माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. मग त्यानं आपल्या कातडी अंगरख्याची बाही तोंडात कोंबली.

मी बंदूक टाकली आणि कड्यावरच्या आमच्या खोपटातला सासऱ्यांचा भाला उचलला. काव्रीला चोळताना माझंही अंग चरबीनं माखलं होतं, तेवढंच बरं. कडा कशी उतरले ते मला आजही सांगता येणार नाही. गुडघे सोलले, नखं गेली. कळपाच्या कडेनं सरपटत होते आणि मनात एकच, थांब रे, मी आले. खडकांआड पोचले तेव्हा अस्वल त्याच्या पोटापर्यंत आलं होतं. दगडांवरून रक्ताची वाफ निघत होती. आणि आवाज म्हणाल तर फक्त चावण्याचा.

पुढच्या पायामागे, बरगड्यांमध्ये मी भाला घातला. तो अर्धाच गेला. अस्वल वळलं आणि त्याचा पंजा माझ्या डोक्यावरून फिरला. तेव्हापासून मला डावा कान नाही. मी भाला सोडला नाही. दांडा पोटाशी धरला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. तोंडानं शब्द नाही, पण मनात त्या अस्वलाच्या सात पिढ्या काढल्या. "मर! मर, मेल्या, मर!" ते माझ्या खांद्याला चावलं, हाड करकरलं, आणि मी आणखी जोर लावला. मग आतलं काहीतरी फुटलं आणि त्याच्या तोंडातून गरम रक्ताचा लोट माझ्या तोंडावर आला. ते काव्रीच्या पायांवरच कोसळलं.

खडकापलीकडे एका म्हाताऱ्या नर वालरसानं डोकं वर काढलं आणि तो फुरफुरला. मी अस्वलाच्या केसांत तोंड खुपसून निपचित पडून राहिले. बऱ्याच वेळानं त्यानं डोकं खाली टाकलं.

काव्रीला मी अस्वलाखालून उपसला आणि एका हातानं ओढत वर आणला. "झालं बघ," मी त्याच्या कानात म्हणाले. "वर आलो आपण. आता कण्हलास तरी चालेल. सोड ती बाही." त्यानं सोडली नाही. मी त्याचा जबडा उघडायला गेले तर तो उघडेना, आणि तेव्हा मला कळलं की तो गेला आहे.

त्याच संध्याकाळी माती देतानाही गावानं आवाज काढला नाही. त्याची बायको रुल्तिना दगडासारखी उभी होती. दात उघडत नव्हते म्हणून बाहीसकटच त्याला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी खांदा बांधून कड्यावर मोजायला बसले होते. नाहीतर काय करणार होते? मागून रुल्तिना आली. तिच्या हातात काव्रीची बंदूक होती.

"जाऊबाई, तुमच्याकडे बंदूक होती ना काल?" ती कुजबुजली.

"होती."

"आणि तू ती टाकलीस! माझा नवरा फाडला जात होता आणि तुला ही जनावरं प्यारी झाली! त्याचं तोंडही तूच बांधलंस. ओरडू नये म्हणून!" तिनं माझ्या थोबाडीत मारली, जखमेच्या बाजूलाच. मग बंदूक आभाळाकडे केली. "एक गोळी घालते. चिरडू देत एकमेकांना. तू बस मोजत!"

मी तिचा हात धरला नाही.

"घाल," मी म्हणाले. "पण आधी ऐक. बांधलेल्या तोंडाचे दात असे रुततात का गं? बाही त्यानं स्वतः कोंबली. आधी गप्प राहिला तो स्वतःच्या जिवासाठी. पण मी खाली पोचले ना, तेव्हा त्याला कळलं होतं की आपण वाचत नाही. माझा भाला आत जाईपर्यंत ते त्याला खात होतं, रुल्तिना. तो नुसता ओरडला असता तर कळप माझ्याही अंगावरून गेला असता. तो माझ्याकडे बघत होता आणि बाही चावत होता. जनावरांसाठी नाही. माझ्यासाठी."

मग बंदुकीची नळी हळूहळू खाली आली. तिचं तोंड वाकडं झालं, छाती भरून आली, आता ही किंचाळणार असं मला वाटलं. तिनं खाली कळपाकडे पाहिलं आणि आपली बाही तोंडात कोंबली.

मी तिला जवळ घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं तीच बाही दातांत धरली. आम्ही दोघी तशाच रडलो. खाली कळप झोपला होता.