भोकाचा पैसा

यंत्र कुठलं घ्यायचं यावर सूर्यनारायणरावांनी फार विचार केला होता. वीजमंडळाच्या मीटर तपासायच्या विभागातून ते निवृत्त झाले होते आणि काही विकत घ्यायच्या आधी ते उघडून बघायची त्यांची सवय गेली नव्हती. पण मेटल डिटेक्टर तंजावुरात उघडून बघायला मिळणार कुठे? तो सिंगापुरात मिळत होता आणि सिंगापुरात त्यांचा भाचा गणेशकुमार होता.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत नवीनच एसटीडी बूथ निघालं होतं. तिथे उभं राहून त्यांनी भाच्याला मोठ्या आवाजात सगळं समजावलं.

"मोठ्या चकतीचं नको रे. मोठी चकती खोलवरचं सांगते, पण बागेत तिचा उपयोग नाही. बागेत जिथे तिथे सोड्याची बुचं आणि सिगारेटचा चंदेरी कागद. लहान चकती असली की एकेक वस्तू वेगळी कळते. आणि लोखंड कुठलं, तांबं कुठलं हे आवाजावरून सांगणारं बघ. पेन्सिल सेलवर चालायला हवं, हां! आणि कानाला लावायचं यंत्र असलं पाहिजे. नाही तर सगळी बाग माझ्याभोवती जमेल."

बूथच्या दारात रांगेत उभे असलेले लोक हसले, पण पोंगलच्या सुट्टीत गणेशकुमार नेमकं तसंच यंत्र घेऊन आला.

सूर्यनारायणरावांनी नगरपालिकेत जाऊन परवानगी काढली. शिवगंगा बागेत झाडांच्या मुळांना हात लावायचा नाही, खणलेला खड्डा तिथल्या तिथे बुजवायचा आणि पुरातन काही निघालं तर कचेरीत आणून द्यायचं, असं त्यांनी कबूल केलं. मग रोज सकाळी फिरायला जाणारी माणसं त्यांना बघू लागली. डोक्याला मफलर, त्यावर कानाचं यंत्र, हातात दांडा. चकती जमिनीला जवळजवळ टेकवून ते सावकाश डावीउजवीकडे फिरवत जायचे. घाई केली की नाणं हुकतं, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बाकांच्या पुढे आणि भेळ-सुंडल विकणाऱ्यांच्या जागी त्यांना नाणी मिळायची. बहुतेक चौकोनी पाच पैसे, नक्षीच्या कडेचे दहा पैसे, कधी कमळाचे पिवळे वीस पैसे.

सून साईप्रियाला हे मुळीच आवडायचं नाही. "मामंजी, ही माती घरात नको हो," ती म्हणायची. "लहान पोर आहे घरात. काय हाताला लागेल, काय तोंडात घालेल!" ती कधी चढ्या आवाजात बोलायची नाही, पण त्यांची नाण्यांची ताटली उचलून ओसरीवर ठेवायची.

त्या दिवशी त्यांना एकाच जागी भोकाचे दोन पैसे मिळाले. इंग्रज राजाच्या काळातले, मध्ये गोल भोक असलेले, तांबूस. लहानपणी असा पैसा करंगळीत घालून ते शाळेत गेले होते. घरी येताच ते उजळायला त्यांनी ताटलीत चिंचेचं पाणी केलं, दोन्ही पैसे त्यात टाकले आणि आत कॉफी प्यायला गेले. नात जननी ओसरीवर लाकडी बाहुली घेऊन बसली होती. तिला नुकती दोन वर्षं पुरी झाली होती.

कॉफी पिऊन ते बाहेर आले तेव्हा जननी खोकत होती. डोळ्यांत पाणी, हनुवटीवरून लाळ. ताटलीत एकच पैसा होता.

"चंद्रमती!" त्यांनी बायकोला हाक मारली ती अशी की शेजारची माणसंसुद्धा बाहेर आली.

चंद्रमतींनी नातीच्या तोंडात बोट घालून बघितलं. काही नव्हतं. "काय खाल्लंस, कण्णा?"

जननीने पोटावर हात ठेवला. "पोट," ती म्हणाली.

साईप्रिया आतून धावत आली. ताटली, सासऱ्यांचा चेहरा, मुलीची लाळ, सगळं तिने एका नजरेत बघितलं. मुलीला उचलून ती रस्त्यावर निघाली. तिचा नवरा श्रीकर सकाळीच पापनाशमला बँकेत कामावर गेला होता. समोरचा मणी ऑटो पुसत होता, त्याने फडका टाकला आणि आजी-आजोबांसकट सगळ्यांना ऑटोत घेतलं.

डॉक्टर वेंकटराव त्यांच्याच गल्लीत वाढलेले, आता दक्षिण रस्त्यावर दवाखाना चालवणारे. त्यांनी जननीला तपासलं, छातीला नळी लावली, पाणी पाजून बघितलं. पाणी नीट खाली उतरलं.

"श्वास चांगला आहे," ते म्हणाले. "पोटात गेला असेल तर बहुधा आपोआप बाहेर पडेल. पण अन्ननळीत अडकला असेल तर तसं ठेवून चालणार नाही. एक्स-रे काढल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

"मग काढा ना," साईप्रिया म्हणाली.

"वीज गेलीय. थोडा वेळ बघतो, नाही आली तर मेडिकल कॉलेजला पाठवतो."

सूर्यनारायणराव कोपऱ्यात उभे होते. बंद पंख्याकडे बघता बघता त्यांना एकदम काहीतरी सुचलं.

"वेंकटराव, माझं यंत्र आणू? ते मातीतला पैसा सांगतं. पोटातला का नाही सांगणार?"

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "तिला काही अपाय?"

"काही नाही. घरातल्या रेडिओइतकाही जोर नाही त्यात."

"मग आणा. एक्स-रे मी तरीही काढणार. पण आणा."

मणीने त्यांना घरी नेलं आणि परत आणलं. यंत्राबरोबर त्यांनी उरलेला पैसाही खिशात टाकला होता. जननीला तपासायच्या टेबलावर झोपवून यंत्र जवळ नेलं तर ते नुसतं किंचाळलं. टेबल लोखंडी होतं. साईप्रियाने तिला मांडीवर घेतलं तर तिच्या बांगड्यांमुळे ते पुन्हा वाजलं. शेवटी डॉक्टरांनी जमिनीवर चटई अंथरली. तिच्यावर जननीला निजवलं आणि आजीने हात लांब ठेवून तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"आधी खात्री करून घेऊ," सूर्यनारायणराव म्हणाले. जननीच्या पोटाएवढी जाड उशी त्यांनी मागून घेतली, पैसा तिच्याखाली सरकवला आणि वरून चकती फिरवली. टुंग! स्वच्छ, उंच आवाज. पैसा काढून घेतल्यावर शांत. "म्हणजे एवढ्या खोलीवरचा पैसा हे सांगतं."

मग त्यांनी चकती नातीच्या गळ्यावर धरली. काही नाही. छातीवरून सावकाश खाली आणली. काही नाही. पोटावर आली आणि यंत्र वाजलं.

साईप्रियाने तोंडावर पदर घेतला. सूर्यनारायणरावांचा हात तिथेच थांबला. डॉक्टर खाली वाकले.

"थांबा, थांबा," ते म्हणाले आणि त्यांनी जननीचा झगा वर केला. कमरेला चांदीचा करगोटा होता.

"अय्यो!" चंद्रमती म्हणाल्या आणि त्यांनी करगोट्याचा फासा सोडवला. पायातले वाळे काढले, झग्याची पिन काढली. जननीला हा खेळच वाटू लागला होता, ती खिदळून चकती पकडायला बघत होती.

पुन्हा गळ्यापासून सुरुवात. छाती. पोट. डावी कूस, उजवी कूस. तिला पालथं करून पाठीवरून. यंत्र गप्प होतं. सूर्यनारायणरावांनी मुद्दाम पुन्हा उशीखाली पैसा ठेवून बघितला. टुंग. पुन्हा नातीवर फिरवून बघितलं. गप्प.

"तिच्यात पैसा नाही," ते म्हणाले.

साईप्रिया चटईवर बसून रडू लागली. सकाळपासून ती आत्ता पहिल्यांदाच रडत होती. "खरंच नाही ना, मामंजी?"

"नाही गं पोरी. नाही."

तेवढ्यात पंखा फिरायला लागला. डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे एक्स-रे काढला आणि ओली फिल्म उजेडात धरून सगळ्यांना दाखवली. बारीक बारीक बरगड्या, पोटातली हवा. पैसा नाही. "चिंचेचं पाणी प्यायली असेल," ते हसून म्हणाले. "म्हणून तोंड आंबट आणि खोकला. घरी न्या, जेवू घाला."

घरी आल्यावर साईप्रियाने मुलीला ओसरीवर उतरवलं. "पैसा कुठे टाकलास गं?" तिने सहजच विचारलं. जननी तुरुतुरु चालत अबोलीच्या कुंडीशी गेली आणि बोटाने माती टोकरू लागली. सूर्यनारायणरावांनी चकती कुंडीवर धरताच यंत्र वाजलं. मातीत बोटभर खोल पैसा पुरलेला होता. वर माती नीट थापटलेली होती, ते स्वतः बागेत थापटायचे तशी.

चंद्रमतींना हसू आवरेना. साईप्रियाही हसली, मग तिने ओसरीवरची ताटली उचलली.

"उद्याच हे यंत्र गणेशला परत पाठवतो," सूर्यनारायणराव म्हणाले. "तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही."

"यंत्र राहू दे, मामंजी. नाणी मात्र वरच्या फळीवर. आणि धुवायची ती दार लावून, न्हाणीघरात."

"बरं."

"आणि कॉफी नंतर."

"बरं म्हटलं ना!"

उन्हं कलली होती. सार गार झालं होतं, भात सुकला होता, पण साईप्रियाने पानं मांडली. जननीने दहीभात खाल्ला आणि पुन्हा मागितला. सूर्यनारायणरावांनी पहिला घास उचलला, पण तो तोंडापर्यंत पोचलाच नाही. घास पानात सांडला. साईप्रियाने त्यांच्या भातावर तूप वाढलं, आणि पाण्याचा लोटा त्यांच्याजवळ सरकवला.